बोरगव्हाणची वाट

भाद्रपद सरत आला तसं मुसी नदीच्या काठचं गवत कमरेला लागू लागलं. गंगू आणि तिचा नवरा अंबाजी उजाडताच कुरणात शिरायचे आणि उन्हं तापेपर्यंत विळे खाली ठेवायचे नाहीत. गवताच्या पात्यांनी हातपाय कापून निघायचे, त्यावर घाम उतरला की आग व्हायची. मग भारे बांधायचे. अंबाजी गंगूच्या डोक्यावर भारा चढवून द्यायचा आणि स्वतःचा गुडघ्यावर घेऊन, कण्हत, आपला आपणच उचलायचा. तिथून मलकपेठेच्या तबेल्यापर्यंत मान ताठ ठेवून चालायचं. शर्यतीच्या घोड्यांना ओला चारा लागतो, आणि उशीर झाला की घोडे सांभाळणारे मोतद्दार शिव्या देतात.

यंदा गंगूचं मन मात्र गवतात नव्हतं. तिच्या डोक्यावर नवस होता.

दोन सालांमागं तिचा मुलगा यशवंत तिरंगा घेऊन रस्त्यात उतरला आणि धरला गेला. निजामाचं राज्य होतं. त्याला चंचलगुड्याच्या तुरुंगात घातलं. तबेल्यापासून तुरुंगाची भिंत दिसायची. गवताचा भारा घेऊन जाताना गंगूला तिकडं मान वळवता यायची नाही, म्हणून ती नुसते डोळे वळवायची. 'आई, पोरगं जितं बाहेर येऊ दे, तुळजापूरला पायी येईन,' असं तिनं त्याच रस्त्यावर बोलून टाकलं होतं. पुढं हिंदुस्तानची फौज आली, राज्य गेलं, तुरुंगाची दारं उघडली. यशवंत बाहेर आला. नवस तेवढा राहिला. गेल्या साली रस्ते माणसानं चालावेत असे नव्हते. यंदा अश्विनी पुनवेला जायचंच, असं तिनं ठरवलं होतं.

एका संध्याकाळी यशवंत पांढरी टोपी सारखी करत घरात आला. आता तो सभांना जायचा, लोक त्याला नमस्कार करायचे.

"माय, तुझं काम झालं," तो म्हणाला. "एकनाथरावांच्या कंपनीत तुझं आन् आबाचं नाव घातलं."

"कसली कंपनी?"

"बेगम बाजारातले एकनाथराव. दर साली यात्रा काढतात. सामान बैलगाडीत, राहुट्या, आचारी, पुढं वाजंत्री. तुम्ही नुसतं चालायचं. सहजी नाव घेत नाहीत ते. माझ्याकडं बघून घेतलं."

शांतानं, म्हणजे गंगूच्या सुनेनं, चुलीपुढून वर पाहिलं आणि हसली. गंगूलाही बरं वाटलं. आयुष्यात पहिल्यांदा तिचं ओझं दुसरं कुणी वाहणार होतं. ती बातमी सांगायला शेजारच्या खोलीत गेली.

तिथं हुसेनबी राहायची. तिचा नवरा याच तबेल्यात मोतद्दार होता. एक दिवस घोड्याला खरारा करता करता खाली बसला तो उठलाच नाही. एकुलती एक लेक चांदबी तिनं उमरग्याच्या अलीकडं, बोरगव्हाणला, पिंजाऱ्याच्या घरात दिली होती. फौज आली त्या महिन्यापासून चांदबीची काही खबर नव्हती. त्या भागात मुसलमानांच्या घरांचं काय काय झालं ते हळूहळू कानावर येत होतं, आणि हुसेनबीसमोर कुणी ते बोलत नव्हतं.

यशवंत तुरुंगात असताना रझाकारांची पोरं गल्लीत काठ्या आपटत फिरायची. तेव्हा हुसेनबी रोज आपली बाज उचलून गंगूच्या दारात आडवी टाकायची आणि पान चघळत तिच्यावर बसून राहायची. कुणी विचारलंच तर म्हणायची, "इधर हवा अच्छी आरी."

हुसेनबी अंबाडीचा दोर वळत होती. गंगूनं सगळं सांगितलं. वाजंत्रीचंसुद्धा.

"अच्छा हुआ," हुसेनबी म्हणाली. थोडा वेळ दोर वळला. मग विचारलं, "रस्ता कौनसा?"

"सोलापूरचाच."

"उमरग्यावरून जातो ना गे तो?"

"हां."

हुसेनबीचे हात थांबले. मग ती उठली आणि उगाच माठातलं पाणी दुसऱ्या माठात ओतू लागली. तिनं काही मागितलं असतं, तर गंगूला काहीतरी सांगून सुटता आलं असतं.

दुसऱ्या दिवशी भारे टाकून झाल्यावर गंगू एकटीच बेगम बाजारात गेली. एकनाथरावांचं दुकान मिरच्यांचं. पोत्यांच्या थप्प्या छताला टेकलेल्या, हमाल नाकाला फडकी बांधून वावरत होते. एकनाथराव गादीवर लोडाला टेकून बसले होते. गंगू पायरीखाली उभी राहिली. लुगड्याला गवताची कुसळं चिकटलेली होती, ती तिनं उभ्या उभ्या वेचून काढली.

"या, यशवंताच्या आई ना तुम्ही?" ते गोड बोलले. "काही काळजी करू नका. सगळी व्यवस्था आहे."

"शेटजी, एक मागणं होतं. उमरग्याच्या अलीकडं आत बोरगव्हाण म्हणून गाव हाय. एक मुक्काम तिथं पडला तर…"

"तिथं काय? देऊळ आहे?"

गंगूला खोटं सुचलं नाही. "माझ्या शेजारणीची लेक हाय तिथं. हुसेनबीची. वरीस झालं, जिती का मेली कळंना."

गादीवरचे दोघे-तिघे एकमेकांकडं बघून हसले. एक हमालही हसला.

"बाई, आपण देवीला निघालोय," एकनाथराव म्हणाले. "शंभर माणसं हलवायची असतात. मुक्काम ठरलेत, पाण्याच्या जागा ठरल्यात. एकीसाठी वाट वाकडी केली तर उद्या प्रत्येकाला आपापला सोयरा आठवेल. आणि तुम्ही चौकशी करायची ती कुणाची? तुमचा मुलगा तुरुंगात होता, विसरलात?"

"विसरले असते तर नवस फेडायला निघाले असते का?"

"मग कंपनीच्या वाटेनं चला. नाहीतर तुमची वाट तुम्हाला मोकळी आहे."

मिरचीचा खकाणा नाकात गेला आणि गंगूच्या डोळ्यांना पाणी आलं. ही रडते आहे असं या लोकांना वाटेल, याचाच तिला जास्त राग आला. तिनं पदरानं खसकन डोळे पुसले.

"तर मग माझं नाव काढा शेटजी. त्यांचंबी काढा. आमचं आम्ही जाऊ."

घरी ही बातमी तिच्या आधी पोचली होती. यशवंत दारात उभा होता.

"भर बाजारात माझी इज्जत घालवलीस," तो म्हणाला. "आता कुठल्या तोंडानं जाऊ मी त्यांच्याकडं? आन् कुणासाठी? मी कुठं होतो नऊ महिने, कुणामुळं होतो?"

"हुसेनबीमुळं नव्हतास."

"मी तसं म्हणालो का?"

"मग कसं म्हणालास?"

यशवंतनं टोपी काढून खुंटीला अडकवली. "दोघंच जाणार? रस्त्यात खाणार काय? झोपणार कुठं?"

"विळे घेऊन जाऊ. आता कुठंबी जा, गवत हाय आन् कापायला माणूस कमी हाय. सकाळी कुणाचे दोन भारे कापून दिले तर पसाभर पीठ कोण न्हाई म्हणंल?"

"नवसाला निघालेल्या माणसानं मजुरी करत जायचं?"

"हात काय घरी ठिवून जाऊ?"

अंबाजी भिंतीला टेकून बसला होता. मूळचाच अबोल माणूस. तो एवढंच म्हणाला, "गवताचा हंगाम हाय. इथला चारा कोण घालणार? एकदा दुसऱ्याला गिऱ्हाईक गेलं की गेलं."

उत्तर दिलं ते शांतानं. "चारा मी बघते, आत्याबाई. हुसेनबी मावशी येतील संगं. त्यांनीच मघाशी विचारलं, विळा कसा धरायचा म्हणून."

दुसऱ्या दिवशी दुपारी अंबाजी दोघांच्याही चपला फडक्यात गुंडाळून चांभाराकडं गेला. परत आला तेव्हा दोन्ही जोडांना नवे तळ होते. चपलांना एरंडेल चोळत तो उन्हात बसला, आणि गंगूला कळलं की आपण दोघं निघणार.

मग तयारी सुरू झाली. अंबाजी नामपल्लीकडच्या गाडीवानांमध्ये जाऊन बसू लागला. कुठल्या गावाला विहीर रस्त्यालगत आहे, कुठल्या ओढ्याला हस्ताच्या पावसात पूर येतो, कुठल्या देवळात ओसरी आहे, हे तो ऐकून यायचा आणि जेवताना घास हातात धरून गंगूला सांगायचा. लग्नानंतर एवढं तो कधी बोलला नव्हता. कंपनीच्या चार दिवस आधी निघायचं ठरलं, म्हणजे बोरगव्हाणला थांबायला सवड राहील. शांतानं बाजरीचं पीठ, कारळ्याची चटणी आणि गुळाचे खडे बांधून दिले. हुसेनबीनं घोंगड्या बांधायला अंबाडीचा दोर दिला. ती रोज कुरणात येत होती. पहिल्या दिवशी तिनं बोट कापून घेतलं, तिसऱ्या दिवशी भारा डोक्यावरून घसरून मोतद्दारांच्या पायाशी पडला आणि ते हसले. चौथ्या दिवशी तिनं तो नेऊन टाकला.

निघायच्या सकाळी यशवंत घरी थांबला नाही. शांतानं दोघांना कुंकू लावलं. हुसेनबी नाक्यापर्यंत आली. "गावात गेल्यावर मोठ्यांदा विचारू नक्को गे," एवढंच म्हणाली.

पहिले दोन दिवस अंगानं सोसले. तिसऱ्या दिवशी हस्ताचा पाऊस लागला. घोंगड्या भिजून दुप्पट जड झाल्या, चिखलानं चपला ओढल्या, अंबाजीच्या टाचेला फोड आला आणि फुटला. गंगूनं त्याला हळद-एरंडेल लावलं आणि लुगड्याचा काठ फाडून बांधलं. भारे उचलून दुखरा झालेला गुडघा आणि टाच दोन्ही सांभाळत तो एका अंगावर झुकून चालू लागला. गावोगाव त्यांनी गवत कापलं. कुणी पीठ दिलं, कुणी ताक दिलं. एका गावात पाटलिणीनं भाकरी उंबऱ्याबाहेर जमिनीवर ठेवली आणि आत निघून गेली. अंबाजी ती उचलेना. गंगूनं उचलली, फुंकली, अर्धी मोडून त्याच्या हातात दिली. "चालायचं हाय," ती म्हणाली.

झहिराबादच्या पुढं रस्ता कोरडा मिळाला. हुमनाबाद मागं पडलं तशी कानडी बोली हळूहळू विरत गेली आणि पुन्हा मराठी कानावर येऊ लागली. उमरग्याच्या अलीकडं एका चिंचेपाशी त्यांनी मोठा रस्ता सोडला.

बोरगव्हाण ओढ्याच्या पलीकडं होतं. पारावर चार माणसं बसली होती. गंगूनं हळू आवाजात विचारलं, "इथं पिंजारी राहतात, त्यांचं घर कुठं?"

एकानं तंबाखू मळली. "पिंजारी न्हाईत इथं."

"व्हते ना?"

"व्हते."

"मग?"

"न्हाईत आता." तो उठला आणि दुसऱ्या बाजूला जाऊन बसला.

गावाच्या कडेला एका घराला छप्पर नव्हतं. भिंतींना काजळी होती आणि आत पुरुषभर उंचीच्या एरंड्या उगवल्या होत्या. अंबाजी तिथं उभा राहिला आणि त्यानं डोक्याचं मुंडासं काढलं.

"चल," तो म्हणाला. "कळलं की."

"काय कळलं? मेली म्हणून कुणी म्हणालं?"

"गंगू, हे लोक बोलणार न्हाईत."

"बाप्ये न्हाई बोलणार."

तिनं कमरेचा विळा काढला आणि सरळ समोरच्या शेतात गेली. बांधावर पाच-सहा बायका गवत कापत होत्या. गंगू काही न विचारता ओळीच्या टोकाला वाकली आणि कापू लागली. बायकांनी एकमेकींकडं पाहिलं. थोड्या वेळानं एकीनं कुठली, कुठं निघाली असं विचारलं. गंगूनं नवसाचं सांगितलं, तुरुंगाचं सांगितलं, दारात बाज टाकून बसणाऱ्या शेजारणीचं सांगितलं. तिच्या लेकीचं नाव सांगितलं, आणि पुन्हा काही विचारलं नाही. ऊन कललं तरी ती कापत राहिली. कंबर मोडून निघाली होती.

भारे बांधायची वेळ झाली तेव्हा इंदुताई नावाची एक थोराड बाई तिच्याजवळ आली. "माझा भारा लई झालाय," ती इतर बायकांना ऐकू जाईल असं म्हणाली. "हिम्मतरावाच्या मळ्यापतोर अर्धा पोचव."

मळ्यात विहिरीच्या थारोळ्याजवळ, मोटेचं पाणी पडतं तिथं, एक बाई पाठमोरी भांडी घासत होती. हिरवं लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. इंदुताईनं भारा टाकला आणि मागं न बघता निघून गेली.

गंगू थारोळ्याशी बसली. चांदबीला तिनं परकरात पाहिलं होतं. आता गाल बसले होते, हाताच्या शिरा वर आल्या होत्या.

"चांदबी," ती म्हणाली, "अम्मा राह देखरी गे."

बाईचे हात थांबले नाहीत. "मी प्रमिला. तुमी चुकलाव."

"मलकपेठेची गंगूमावशी मी. गवतवाली."

राखेनं भरलेले हात भांड्यातच राहिले. तिनं विचारलं, "अम्मा हाय?"

"हाय. माझ्या जागी गवत वाहतीया सध्या."

चांदबी हसली का रडली ते गंगूला कळलं नाही. नुसता एक आवाज निघाला.

हिम्मतराव म्हातारा होता. मागोमाग आलेल्या अंबाजीला त्यानं बाजेवर बसवलं, पण नजर त्याच्याकडं दिली नाही. "तिचा नवरा, सासरा… आमाला वाचवता आले न्हाईत. ही उसात सापडली. पोटात मूल व्हतं, ते गेलं. पावण्यातली हाय म्हणून ठिवून घेतली. गावाला ठावं हाय. पर कुणी तोंड उघडलं न्हाई."

त्याची बायको दारातून म्हणाली, "आमी तिला काय कमी केलं न्हाई. सुगी व्हऊ द्या, मग न्या. कामाला तिच्यावानी हात न्हाई दुसरा."

हिम्मतरावानं मान खाली घातली. चांदबीनं हात धुतले, पाय धुतले, आणि आतून एक गाठोडं घेऊन आली. ते आधीपासून बांधलेलं असावं इतक्या लवकर आली.

"मी निघते, मामी," ती म्हणाली.

मामीचा चेहरा ताणला गेला. मग ती आत गेली आणि भाकऱ्या घेऊन आली. चांदबीच्या कपाळावरचं पुसट झालेलं कुंकू तिनं बोटानं पुन्हा ठसठशीत केलं. "रस्त्यात राहू दे," ती म्हणाली, आणि झटकन आत वळली.

परत फिरायचं की पुढं जायचं यावर अंबाजीनं विचार केला होता. "मागं फिरलो तर रिकाम्या रस्त्यावर आपण तिघं," तो म्हणाला. "पुढं गेलो तर हजारांत मिसळू. नवसबी हुईल. तिथून सोलापूर, सोलापूरवरून रेल्वे."

नळदुर्गाच्या अलीकडं वाजंत्री ऐकू आली. एकनाथरावांची कंपनी आमराईत उतरली होती. टाळायला वाव नव्हता. एकनाथराव गाडीच्या सावलीत पाय चेपून घेत होते.

"पोचलात की इथपर्यंत," ते म्हणाले. मग त्यांची नजर मागं गेली. "ही कोण?"

"माझ्या शेजारणीची लेक," गंगू म्हणाली.

एकनाथरावांनी चांदबीच्या कपाळाकडं पाहिलं, मग गंगूकडं. गादीवर हसलेल्यांपैकी एक जण तिथंच उभा होता. त्यानं काही बोलायला तोंड उघडलं. एकनाथरावांनी त्याच्याकडं न बघताच हात वर केला.

"आचाऱ्याला सांग," ते म्हणाले, "तीन पानं वाढव."

गंगूनं आधी त्यांच्या बैलांपुढं दोन पेंढ्या गवत कापून टाकलं. मग तिघं जेवायला बसली.

पुनवेला तुळजापुरात पाय ठेवायला जागा नव्हती. संबळ वाजत होते, 'आई राजा उदो उदो'नं कान भरले होते. कल्लोळ तीर्थात आंघोळ करून गंगू ओलेत्यानं पायऱ्यांशी आली. चांदबी थबकली होती.

"मी येऊ का आत?"

"तुला यावंसं वाटलं तर ये. मी आणलं म्हणून येऊ नको."

चांदबी पायरीच्या कडेला बसली. "मी सामान बघते," ती म्हणाली.

आत गर्दीनं गंगूला उचलूनच पुढं नेलं. देवीचं मुख दिसलं न दिसलं तोच मागून रेटा आला. वाटेत तिनं पुष्कळ काही बोलायचं ठरवलं होतं. "पोरगं आलं, मी आले," एवढंच तोंडातून निघालं आणि ती दुसऱ्या दारानं बाहेर फेकली गेली. अंबाजीचं मुंडासं गर्दीत गेलं होतं. तो उघड्या डोक्यानं हसत होता.

नामपल्ली स्टेशनात गाडी सकाळी लागली. फाटकाशी यशवंत उभा होता. तो कसा आला, किती गाड्या बघून गेला होता, ते गंगूनं विचारलं नाही. त्यानं आईच्या पायांकडं पाहिलं. नखं काळी पडली होती, टाचा उकलल्या होत्या. मग त्यानं तिसऱ्या बाईकडं पाहिलं. ती मान खाली घालून, गाठोडं छातीशी धरून उभी होती.

"चांदबी?" तो म्हणाला.

तिनं मान हलवली.

यशवंतनं पुढं होऊन तिच्या हातातलं गाठोडं घेतलं. "तांगा बघतो," तो म्हणाला.

मलकपेठ जवळ आली तशी चांदबी चुळबुळ करू लागली. हात कपाळाकडं जायचा आणि खाली यायचा. गंगूच्या ध्यानात आलं. तिनं पदराचं टोक हातात घेतलं, पुढं झाली आणि थांबली. दुसऱ्या बाईच्या कपाळावरचं कुंकू आपल्या हातानं पुसायचं, हे तिच्यानं होईना.

"असू दे मावशी," चांदबी म्हणाली. तिनं तांब्यातल्या पाण्यात पदर भिजवला आणि कपाळ पुसलं. एकदा पुसून गेलं नाही, दोनदा पुसलं, मग घासलं. यशवंत घोड्याच्या कानांकडं बघत राहिला.

गल्लीच्या तोंडाशी तांगा थांबला. समोरून हुसेनबी गवताचा भारा घेऊन येत होती. गवत डोळ्यांवर आलेलं, मान ताठ, रस्त्याशिवाय काही दिसत नव्हतं. चांदबी खाली उतरली आणि तिच्या वाटेत उभी राहिली.

"हटो, हटो," ओझ्याखालून हुसेनबी ओरडली. "घोड्यांना उशीर होतोय."

चांदबीनं दोन्ही हात वर केले आणि भारा उतरवून घेतला.